बेरीज शेवटी बघ

अगं, तिन्ही कोटेशनं नीट वाचली. फोनवर तू मला फक्त बेरजा सांगितल्यास. एकाचे साडेसहा लाख, दुसऱ्याचे नऊ लाख चाळीस हजार, तिसऱ्याचे साडेअकरा. आणि लगेच विचारलंस, "ताई, मधलं घेऊ का?" बहुतेक जण असंच ठरवतात. स्वस्तातलं घ्यायची भीती वाटते, महागातलं झेपत नाही, म्हणून मधलं. पण या तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे पैसे सांगितलेत गं. एकाला घर डागडुजी करून द्यायचंय, एकाला छप्पर नवं करायचंय आणि तिसऱ्याला घर निम्मं पाडायचंय. त्यांच्या बेरजा एकाखाली एक मांडून काय कळणार? आधी कामं सारखी करून घेऊ, पैशांकडे मग बघू.

मी कोटेशन हातात घेतलं की आधी एवढंच शोधते, की या माणसाने घर किती बघितलंय. नव्या बांधकामाचा हिशेब नकाशावरून निघतो. आपल्या राजापूरच्या घराचा नकाशा कुठून आणायचा? जांभ्याचे चिरे कुठे चुन्यात रचलेत, कुठे नुसत्या मातीत. मधले दोन खण जुने, मागची पडवी नंतर जोडलेली, न्हाणीघर त्याच्याही नंतरचं. वासा खालून ठणठणीत दिसतो आणि भिंतीत शिरलेलं त्याचं टोक वाळवीने पोकळ केलेलं असतं. माळ्यावर चढून, टॉर्च मारून, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघितल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून मला पहिल्यांदा सांग, तिघांपैकी माळ्यावर कोण चढलं?

साडेसहा लाखवाला खळ्यातच उभा राहून गेला म्हणालीस. त्याचा कागदही तसाच आहे. 'जुने घर दुरुस्ती, छप्पर व प्लास्टर कामासह, एकूण', बस्स. लाकूड कुठलं, किती घनफूट, जुनी कौलं परत चढवणार की नवी आणणार, प्लास्टर आतून की बाहेरूनही, कशाचाच पत्ता नाही. हे उक्तं काम आहे, आणि उक्तं देण्यात गैर काही नाही. मी स्वतः उक्ती कामं दिलीत. पण काय उक्तं दिलं ते आधी लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये छप्पर उतरवलं की तो वर बघून म्हणेल, "हे वासे गेलेत, हे आपण धरले नव्हते." त्या वेळी घर उघडं असतं, मृग जवळ आलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या भिंतींत तो शिरला तर मातीत रचलेला चिरा टिकत नाही, हे तुलाही माहीत आणि त्यालाही. तो मागेल ते तू देशील.

तो लबाडच असेल असं मी म्हणत नाही हं. आपल्याकडे हातात कला असलेले गवंडी पुष्कळ आहेत, पण त्यांना कागदावर मांडायची सवय नाही. त्यांच्याकडून बारकाव्याचं कोटेशन मागण्यापेक्षा कामाची यादी तूच कर आणि तिघांनाही तीच दे. तुला हे काम फार तांत्रिक वाटेल, पण नाहीये. आढ्यापासून सुरू कर आणि जोत्यापर्यंत उतर. आढं, वासे, रिपा, कौलं, पन्हळी, मग भिंती, दर्जा, प्लास्टर, मग दारं-खिडक्या, मग जमीन, शेवटी न्हाणीघर आणि वीज. प्रत्येक ओळीपुढे माप, दर आणि रक्कम असे तीन रकाने मोकळे सोड. शब्द अडले तर सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची बघ, इंटरनेटवर मिळते. त्यातले दर आपल्या आडगावाला लागू पडतीलच असं नाही. पण प्रत्येक कामात काय काय धरायचं याचं वर्णन त्यात इतकं चोख असतं, की तेवढ्यासाठी ती वाचावी.

आता मापं. इथे जरा थांबून ऐक, कारण फसगत बहुधा इथेच होते, आणि तीही कुणी मुद्दाम न फसवता.

छपराचं माप दोन तऱ्हांनी घेतात. एक जण खालून, जमिनीवरची लांबी-रुंदी घेतो. दुसरा उतारावरून घेतो. पाख्याचा उतार तीस अंशांचा असेल तर उतारावरचं क्षेत्र खालच्यापेक्षा पंधरा टक्क्यांहून थोडं जास्त भरतं. समजा, वळचणीसकट खालचं माप १,२०० चौरस फूट आहे. उतारावरून तेच १,३८५ होतं. आता एक म्हणतो, माझा दर २०० रुपये, माप खालचं. त्याचे झाले २ लाख ४० हजार. दुसरा म्हणतो, माझा दर फक्त १८०, पण माप उतारावरचं. त्याचे झाले जवळजवळ २ लाख ४९ हजार. दर कमी आणि पैसे जास्त! तुझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटेशनमध्ये नेमकं हेच झालंय. दोघांच्या छपराच्या मापात जो फरक दिसतो ना, तो कुणाच्या चुकीचा नाही, टेप धरण्याचा आहे. दोघांनाही लिहून द्यायला सांग, माप कुठलं.

ब्रासचंही तसंच. वाळू, खडी, चिऱ्याचं बांधकाम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दोन्ही एकाच कागदावर येतात आणि तू गोंधळतेस. प्लास्टरच्या मापातून दारं-खिडक्या वजा केल्यात का, तेही विचार. आपल्या ओटीवरची दारं केवढाली आहेत ते आठव. ती भिंतीत धरली तर न केलेल्या प्लास्टरचे पैसे जातील.

लाकडाबद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण जुन्या घराचा खर्च लाकडात असतो आणि मोलही लाकडातच असतं. दुसऱ्या कोटेशनमध्ये 'चांगल्या प्रतीचे लाकूड' असं लिहिलंय. असं लिहून चालत नाही. साग, ऐन, किंजळ की फणस, ते नावानिशी हवं. तुळईला काय, वाशांना काय, रिपांना काय, हे वेगवेगळं हवं. आणि माप रंधा मारल्यानंतरचं की आधीचं, तेही हवं. एक हिशेब सांगते, तो डोक्यात ठेव. चार बाय तीन इंचांचा बारा फुटी वासा म्हणजे बरोबर एक घनफूट. तोच वासा प्रत्यक्षात साडेतीन बाय अडीच भरला, तर लाकूड पाऊण घनफुटापेक्षाही कमी झालं. डोळ्यांना अर्ध्या इंचाचा फरक दिसत नाही, पण पैशांत पाव भागाहून जास्त जातो. माल उतरताना टेप लावून चार वासे मोजायचे. सुतारकाका रागावणार नाहीत. मोजून घेणारी घरधनीण त्यांना उलट बरी वाटते.

आणि जुनं लाकूड कुणाचं? हा प्रश्न तिघांच्याही कागदावर नाही, म्हणून मला काळजी वाटतेय. साडेसहा लाखवाल्याचा आकडा एवढा खाली कसा आला, याचं एक उत्तर हेही असू शकतं. माजघराचे खांब, देवघराची चौकट, माळ्याच्या फळ्या हे सगळं जुनं सागवान आहे. बाजारात त्याला चांगली किंमत येते. उतरवलेला माल ठेकेदाराने न्यायचा अशी रीत कित्येक ठिकाणी आहे, आणि ती कुणी बोलूनही दाखवत नाही. टेम्पो भरून जातो तेव्हाच कळतं. तू लिहून घे: उतरवलेलं सगळं लाकूड, दारं, कड्या-कोयंडे, कौलं घराच्या मालकीची राहतील, पुन्हा वापरायजोगं वापरायचं, उरलेलं पडवीत रचून ठेवायचं. त्याला ते हवंच असेल तर त्याची किंमत धरून बिलातून वजा करायची. मागच्या अंगणातला फणस पाडून रिपा काढू असंही कुणीतरी सुचवलं म्हणालीस. तो तोडायला आणि लाकूड हलवायला वनखात्याची परवानगी लागेल का, आणि लागली तर ती कोण काढणार, हे ठरल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नकोस.

कौलांचंही ऐक. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं किनाऱ्याने वर आली. आपल्या घरावरची कौलं पालथी करून बघ, पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असेल. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची मापं आणि खाचा थोड्या वेगळ्या असतात. त्यामुळे जुन्यांत नवी मिसळली की ती एकमेकांत बसत नाहीत आणि नेमकं तिथूनच गळतं. वाजवून बघायची, खणखणीत आवाज आला की ठेवायची. टिकतील तेवढी जुनी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्या पाख्यावर, असं मी करेन. शंभर चौरस फुटांना साधारण १४० ते १५० कौलं लागतात, म्हणजे नवी किती आणायची याचा अंदाज तुझा तुलाच येईल. आणि कौलाचं माप बदललं की रिपांमधलं अंतर बदलतं, म्हणून 'फक्त कौलं बदलू' असं जो म्हणेल त्याला रिपांचं विचार.

दुसऱ्याने स्वयंपाकघरावर वाशांऐवजी लोखंडी पाइप सुचवलेत. माझी हरकत नाही, पण आपल्याकडे खारा वारा आहे. पाइपची जाडी किती मिलिमीटर, गंजरोधक प्रायमरचे हात किती, हे लिहून हवं. दर किलोवर आहे, तेव्हा वजनकाट्याची पावती बिलासोबत जोडायला सांग. ओटी-माजघरावर मात्र लाकूडच राहू दे.

आता तिसरा, साडेअकरा लाखवाला. त्याचं कोटेशन दिसायला सगळ्यात देखणं आहे, कॉम्प्युटरवर छापलेलं, चौरस फुटावर भाव. 'मागील भाग पाडून आरसीसी स्लॅब.' तू त्याच्याकडे झुकत होतीस, खरं ना? तुला वाटलं, एकदाच काय ती कटकट संपेल. मी स्पष्ट सांगते, याला नाही म्हण. आणि मी हे आठवणींपायी म्हणत नाही. पाच इंची स्लॅबचं वजन शंभर चौरस फुटांना जवळजवळ तीन टन होतं. तेवढ्याच जागेवरची कौलं चार-पाचशे किलोंत बसतात. मातीत रचलेल्या जुन्या भिंतीवर तो भार टाकायचा नसतो. तो कॉलम उभे करणार असेल, तर त्यांचे पाये जुन्या जोत्याला खेटून खणावे लागतील, आणि त्याबद्दल कोटेशनमध्ये अवाक्षर नाही. शिवाय गावात फिरून बघ, स्लॅबच्या किती घरांवर पुन्हा पत्र्याची शेड चढली आहे! पावसाने स्लॅब पाझरतो, मग वर पत्रा घालतात. म्हणजे शेवटी उतरतं छप्पर हवंच होतं. त्या माणसाला स्लॅब येतो म्हणून तो स्लॅब सांगतो, कौलाचं काम त्याच्या हातचं नाही. कोटेशन वाचताना हेही दिसतं बघ: माणूस घराला हवं ते सुचवतोय, की त्याला जमतं ते.

दुसऱ्याच्या कागदातही एक ओळ खोडायची आहे. 'सर्व भिंतींना बाहेरून सिमेंट प्लास्टर.' का? जांभा पाणी पितो आणि उन्हात ते सोडूनही देतो. चुना आणि माती त्याला ते करू देतात. बाहेरून सिमेंटचा दाट थर दिला की ओल आत अडकते, आतल्या बाजूने रंगाचे पोपडे निघतात, आणि मग आणखी एक प्लास्टर. त्यापेक्षा चिरे मोकळे ठेवून चुन्याने दर्जा भरायला सांग. जिथे चिरा झिजलाय तिथे चिरा बदलायचा. यात त्याचे पैसे कमी होतील, म्हणून तो थोडी कुरकुर करेल. चुन्याचं काम करणारा गवंडी मिळत नाही म्हणेल. गवंडी मिळतो, शोधावा लागतो. मी शोधून देईन.

बाकी, जे खर्च कुणीच लिहिले नाहीत ते भराभर सांगते. रस्त्यापासून घरापर्यंत आपली पाखाडी आहे, टेम्पो वर येत नाही. चिरे, वाळू, कौलं डोक्यावरून वाहायची मजुरी कुणाची? एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते, टँकरचं पाणी कुणाचं? राडारोडा कुठे टाकायचा? परांची आणि ताडपत्री कुणाची? बाहेरगावचे कामगार राहणार कुठे? लादीचा दर धरलाय तो कितीपर्यंतच्या लादीचा? विजेचे पॉइंट किती आणि अर्थिंग धरलंय का? वाळवीचं औषध भिंत आणि जमिनीच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर भोकं पाडून सोडणार की नुसतं फवारणार? जीएसटी बेरजेत आहे की वरून १८ टक्के? लावणार असेल तर त्याचा पंधरा अक्षरी नंबर बिलावर हवा, आणि नंबर नसेल तर जीएसटी मागताच येत नाही. एवढे प्रश्न साडेसहा लाखांच्या कागदात भर, आणि बघ तो आकडा कुठे जातो.

पैसे देण्याचं आधी ठरव. पहिल्याने निम्मी रक्कम ॲडव्हान्स मागितलीय, ती द्यायची नाही. लाकूड खळ्यात येऊन पडलं की एक हप्ता, सांगाडा उभा राहिला की दुसरा, कौलं चढली की तिसरा, असं कामाच्या टप्प्यांवर दे. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा उलटल्यावर. कोकणातल्या छपराची परीक्षा आषाढातच होते. हे सुरुवातीलाच बोललीस तर कुणाला अपमान वाटत नाही. काम संपल्यावर काढलंस तर भांडण होईल. ज्यादा कामाचा दरही आताच लिहून घे: वासा बदलावा लागला तर घनफुटाला इतके, चिरा बदलावा लागला तर नगाला इतके. जुन्या घरात ज्यादा काम निघणारच. माझ्या मते ठरलेल्या रकमेवर पाचवा हिस्सा तू वेगळा काढून ठेव, आणि तो आहे हे ठेकेदाराला सांगू नकोस. तारखाही लिहून घे. दिवाळीनंतर सुरुवात, मेच्या मध्यापर्यंत कौलं चढलेली. शिमग्याचे दिवस त्यात धरूच नकोस, त्या दिवसांत गावात हातोडा उचलायला कुणी मिळत नाही.

आणखी एक, जरा नाजूक. घर नमुना आठवर अजून आजोबांच्या नावावर आहे आणि काकांकडचे दोघे सहहिस्सेदार आहेत. पैसे तू घालणार हे त्यांना मान्य आहे, पण तोंडी. काम सुरू होण्याआधी त्यांची लेखी संमती घे आणि ग्रामपंचायतीत दुरुस्तीचा अर्ज कर. काकूंना फोन मी करते, माझं ऐकतात त्या.

तर माझं मत विचारशील तर दुसऱ्यालाच घ्यावं. आणि ते त्याची बेरीज मधली आहे म्हणून मुळीच नाही. तो माळ्यावर चढला. त्याने मागच्या पाख्यातले सात वासे गेलेत असं लिहिलंय आणि कोणते ते खुणेने दाखवलंय. आढं मधे खचलंय हे त्याच्या लक्षात आलं, ते तुझ्या-माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं. ज्याने एवढं बघितलं, त्याच्याशी पैशांचं बोलता येतं. त्याला सांग, येत्या रविवारी सुतारासकट ये, यादी समोर ठेवून ओळीओळीने बोलू. बाकी दोघांचे आकडे त्याला सांगू नकोस. दुसऱ्याचा आकडा कळला की माणूस लाकूड बारीक करून तिथपर्यंत येतो. त्याने अलीकडे शाकारलेलं, निदान दोन पावसाळे काढलेलं एखादं घर दाखवायला सांग. तिथे गेलीस की घरच्या बाईशी बोल. श्रावणात किती भांडी ठेवावी लागली, हे तीच खरं सांगेल.

रविवारच्या आत मात्र माळ्यावर जाऊन उतरणाऱ्या लाकडाची यादी कर, फोटो काढ आणि मला पाठव. चौकटीवर खडूने नंबर घाल. मी शनिवारी रात्री येते, मग दोघी मिळून टेप धरू.